पाळकाच्या घरचं नाव

कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याने आमची पाण्याची पाळी नेमकी रविवारी सकाळी लावली. मी त्याच्या दारात जाऊन भांडले. पाळकाच्या घरच्यांनी ऐन उपासनेच्या वेळी शेतात फावडं घेऊन उभं राहायचं का, म्हणून विचारलं. तो दात कोरत म्हणाला, “पाळकसाहेब रिटायर झाले ना मावशी? मग आता तुमचाही रविवार आमच्यासारखाच.”

आजूबाजूचे हसले. पावसाने पाठ फिरवलेली, पाटाला वीतभर पाणी, आणि आमचा कांदा ऐन पोसण्यावर आलेला. ही पाळी चुकली तर पुढची कधी, ते पाटकऱ्यालाही ठाऊक नव्हतं. मी मुकाट्याने घरी आले.

चहाचं आधण ठेवलं तोच मागच्या दारावर टकटक झाली. उघडून बघते तर हे. म्हणजे माझे यजमान. अंगात काळा कोट, बगलेत पवित्र शास्त्र, हातात छत्री, आणि तोंड उन्हाने लाल झालेलं.

“घरात कोणी आहे का?” यांनी विचारलं.

“मी आहे की. आणि या उन्हात कोट कशाला चढवलाय?”

“या बाजूला आलोच होतो, म्हटलं जाऊन यावं. तुमच्याकडे बरेच दिवसांत येणं झालं नाही.”

मला वाटलं थट्टा चालली आहे. तशी थट्टेची आणि यांची कधी गाठ पडली नव्हती, पण म्हातारपणी माणसाला काय सुचेल सांगता येत नाही. पाटकऱ्याचा राग डोक्यात होताच, तो मी यांच्यावर काढला. “आत या आणि तो कोट काढून ठेवा आधी,” मी ओरडले. यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. “मी वेळ चुकीची धरली वाटतं. नंतर येईन,” म्हणाले आणि वळले. खिडकीतून बघते तर शेळ्यांच्या गोठ्याच्या फळीवर बोटांनी वाजवताहेत. “घरात कोणी आहे का?”

विसरायला तर हे केव्हाचे लागले होते. चष्मा विसरायचे, जेवलेलं विसरायचे. पण आपलंच घर विसरून त्याच घराला भेट द्यायला येणं, हे नवीन होतं. घरोघर भेटी देणं, हेच यांनी जन्मभर केलं. दुपारचं जेवण झालं की कोट चढवायचा आणि मंडळीच्या घरभेटींना निघायचं. चर्चमधलं एकही घर सुटायचं नाही. सुताराच्या आईचे पाय, लोहाराच्या पोराचं न जमणारं लग्न, सगळं यांना तोंडपाठ. त्यांच्या घरी खुर्चीच्या कडेवर बसून, मान थोडी कलती करून हे असं ऐकायचे की समोरच्याला वाटावं जगात आपल्याएवढं मोठं दुःखच नाही. माझे गुडघे दुखतात हे मी यांना कितीदा सांगितलं. दरवेळी “हो का” म्हटलं की झालं.

मला सगळ्यात जास्त खुपायची ती संध्याकाळची प्रार्थना. आम्ही दोघं गुडघे टेकायचो आणि हे डोळे मिटून गल्ल्यागल्ल्यांतून निघायचे. एकेक घर, एकेकाचं नाव. कोणाचा खोकला, कोणाची आटलेली गाय. सुताराचं घर झालं की शिंपीणबाई. तरुणपणी नवरा गेला, एकटी शिवणकाम करून राहिली, म्हणून तिच्या नावाशी यांचा आवाज आपोआप मऊ व्हायचा. मी एक डोळा उघडून बघायची. मग शेवटी आमच्या घरापाशी आले की, “आणि आम्हा सर्वांना. आमेन.” आम्हा सर्वांना. त्यात मी, सासूबाई होत्या तोवर सासूबाई, मुलगा, शेळ्या, सगळे आले.

लग्न होऊन आले तेव्हापासून मी वाट बघत होते. आज घेतील, उद्या घेतील. आता यांचं डोकं उतरणीला लागलेलं बघून मला एकच धास्ती पडली. हे जायच्या आत एकदा तरी यांनी माझं नाव घेऊन देवाकडे काही मागायला हवं होतं. मग ते गुडघ्यांसाठी का असेना.

शुक्रवारी मी वाफ्यांतलं तण काढायला गेले आणि जाताना यांच्या खोलीला बाहेरून कडी घातली. दुसरं काय करणार होते? मुलगा आणि सून दूर शहरात, घरात तिसरं माणूस नाही, आणि मोकळं सोडलं तर हे रस्त्यावर जाऊन ट्रकच्या दारावरही टकटक करतील. मी परत आले तर ओट्यावर चार बाया आणि नवे पाळक उभे. आतून हे शांतपणे दार वाजवत होते. “घरात कोणी आहे का? घरात कोणी आहे का?”

नवे पाळक म्हणजे माझ्या मुलाहूनही लहान पोरगा. अजून मिसरूडही धड फुटलेलं नाही. “मावशी, हे बरं दिसत नाही,” तो म्हणाला. बाया माझ्या चिखलाने भरलेल्या पायांकडे बघत होत्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

“मग तुम्ही या बसायला,” मी म्हटलं. “रविवारी पाण्याची पाळी आहे माझी.”

“रविवारी मला उपासना आहे. पण मी शिंपीणबाईंना सांगतो. त्या नाही म्हणणार नाहीत.”

नाही कशाला म्हणेल ती. मला नको म्हणायचं होतं, पण शेतात कांदा माना टाकायला लागला होता.

रविवारी ती उजाडताच आली. गळ्यात मोजपट्टी, खांद्याला कापडाची पिशवी, आत कोणाचं तरी अर्धवट शिवलेलं काहीबाही. तिला बघून हे ओट्यावरच्या खुर्चीतून उठून उभे राहिले. “या शिंपीणबाई. डोळ्यांची जळजळ कशी आहे आता? औषध घालता ना?”

सकाळी मी भाकरतुकडा भरवला तेव्हा मला विचारलं होतं, “तुम्ही कोणाकडच्या, बाई?” आणि हिचे डोळे जळजळतात ते मात्र बरोब्बर लक्षात. मी फावडं उचललं आणि तरातरा शेतात गेले.

पाणी आलं ते लाल, गढूळ आणि अशक्त. एका वाफ्याचं तोंड फोडायचं, तो भरला की माती ओढून बंद करायचं आणि पुढच्याचं फोडायचं. वाकलं की कंबर बोलते, सरळ झालं की गुडघे. शेत घराला लागूनच, त्यामुळे ओटा समोर दिसत होता. ती शिवत होती, हे बोलत होते. बोलत होते म्हणजे चांगले घडाघडा बोलत होते. काय बोलत होते ते मात्र ऐकू येत नव्हतं. मी पुढचं तोंड फोडलं, मान वर केली. तिने सुई थांबवली होती आणि ती ऐकत होती. मग हे हसले. चांगले खांदे हलवून हसले. माझ्यासमोर हे असे कधी हसले होते, ते मी आठवायला लागले आणि आठवत उभीच राहिले.

तेवढ्यात खालचा बांध फुटला. पाणी शेजाऱ्याच्या पडीक रानात धो धो निघालं. मी धावले, फावड्याने माती ओढली, ती वाहून गेली. परत ओढली, परत वाहून गेली. माझ्या वाटचं पाणी माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या गवताला चाललं होतं. मागून कोणीतरी चिखलात उतरलं. शिंपीणबाई. तिने आपली कापडाची पिशवी भोकात कोंबली आणि वर पाय देऊन उभी राहिली. “टाका माती, पाळकीणबाई. टाका लवकर.”

मी माती टाकली. बांध धरला. तिच्या पिशवीतलं शिवण भिजून लगदा झालं होतं.

“कोणाचं होतं?” मी विचारलं.

“असू द्या. परत शिवीन.”

“तुम्हाला कोणी बोलावलं होतं शेतात यायला?”

ती चिखलातून बाहेर आली. पाय धुऊन ओट्यावर जाऊन बसली. शेवटचे वाफे कोरडेच राहिले. कारण काय, तर मी बघत बसले होते. हे मी कोणाला सांगितलं नाही, पण त्या वाफ्यांतला सुपारीएवढा कांदा सगळ्यांना दिसलाच.

संध्याकाळी जाताना ती मोजपट्टी खुर्चीच्या पाठीवर विसरून गेली.

ती पट्टी मी उचलून खुंटीला अडकवली आणि दोन दिवस येता-जाता तिच्याकडे बघत राहिले. शिंपीणबाईच्या घरी आठवड्यातून एकदा हे जायचे. दार उघडं असायचं, रस्त्यावरून येणारं-जाणारं कोणीही बघायचं, त्यात वावगं काही नव्हतं. मला ठाऊक होतं. पण वावगं नसलेल्या गोष्टीनेही जीव जळतो. एवढं काय बोलायचे हे तिच्याशी?

बुधवारी दुपारी मागच्या दारावर टकटक झाली. “घरात कोणी आहे का?”

मला काय झालं कोणास ठाऊक. मी खुंटीवरची पट्टी काढून गळ्यात घातली, यांचाच एक फाटका सदरा मांडीवर घेतला, सुईदोरा हातात धरला आणि आवाज बारीक करून म्हटलं, “या पाळकसाहेब.”

हे आत आले. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यात उन्हातून सावलीत आलेले. पट्टी बरोबर दिसली. चेहरा खुलला. खुर्चीच्या कडेवर बसले, छत्री गुडघ्यांत धरली आणि मान कलती केली. ती कलती मान मी जन्मभर लांबूनच बघितली होती. आज ती माझ्यासमोर होती आणि माझ्यासाठी नव्हती.

“बरं चाललंय ना, शिंपीणबाई?”

“चाललंय.” मग मी धीर केला. “तुमची मंडळी कशी आहे? घरची?”

“आहे. बरी आहे. खूप काम पडतं तिला.” यांनी छत्रीची मूठ चोळली. “रागीट आहे. पण राग तिचा खरा असतो. माझंच चुकतं बऱ्याचदा.” मग पुढे झुकून हळूच म्हणाले, “तिचं नाव घेता ना तुम्ही?”

माझी सुई थांबली. “कुठे?”

“संध्याकाळी. प्रार्थनेत. तुम्ही कबूल केलंय बाई. विसरलात की काय?”

“नाही विसरले,” मी म्हटलं. आवाज बारीक ठेवायचं भान राहिलं नाही, पण यांना ते कळलं नाही.

“रोज?”

“रोज.”

“तेवढं चुकवू नका. मी मंडळीसाठी मागायचं आणि पाळकाच्या घरासाठी मंडळीने मागायचं, असं आहे आमचं. वाढणाऱ्याने आधी आपलंच ताट भरून घेतलं तर कसं दिसेल? आणि खरं सांगायचं तर मला जमत नाही. ती तापाने पडली होती तेव्हा एकदा घेतलं होतं चर्चमध्ये. नाव घेतलं आणि पुढे आवाजच निघेना. उपासना अर्धी राहिली. पाळकाने असं रडायचं नसतं हो लोकांसमोर. तेव्हापासून तुमच्यावर सोपवलंय. तिच्या गुडघ्यांचंही मागत जा. फार दुखतात तिचे.”

मग यांनी डोळे मिटले आणि शिंपीणबाईसाठी प्रार्थना केली. तिच्या डोळ्यांसाठी, तिच्या मशीनसाठी, तिच्या एकटेपणासाठी. नाव घेऊन, मऊ आवाजात. मी समोर बसून ती ऐकली. उठताना हे म्हणाले, “चहा नको. घरी ती वाट बघत असेल.” आणि छत्री घेऊन भर उन्हात घर शोधायला निघाले. मला मागे धावत जाऊन हाताला धरून आणावं लागलं.

खरं तर मला रडू यायला हवं होतं. मला आला संताप. मी तापात होते, मला कोणी सांगितलं नाही. सगळ्या चर्चने ऐकलं, मी सोडून. आणि त्यानंतर माझं नाव रोज संध्याकाळी घेतलं जात होतं, तेही माझ्या घरात नाही, यांच्या तोंडून नाही. त्या बाईच्या तोंडून. म्हणजे एवढंसं जे माझं होतं तेही तिच्याच कपाटात.

कांदा काढायला आला तसे हे अंथरुणाला खिळले. डॉक्टर येऊन गेला आणि म्हणाला, आता खायला-प्यायला जे मागतील ते द्या. ते काहीच मागत नव्हते. शिंपीणबाई न बोलावता रोज यायला लागली. मी तिला नको म्हटलं नाही, कारण कांदा एकटीने उरकण्यासारखा नव्हता. आम्ही दोघी ओट्यावर ढिगाशी बसून विळ्यांनी पात कापायचो, मधे दार उघडं, आत यांचा श्वास ऐकू यायचा. डोळ्यांतून पाणी यायचं, ते कांद्याचं म्हणून पुसायचो.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी विळा खाली ठेवला. “माझं नाव घेत होतीस?”

तिला लगेच कळलं. मी अहो-जाहो सोडलं तेही कळलं. “होय.”

“मला का सांगितलं नाहीस?”

“त्यांनी सांगू नका म्हटलं होतं.” तिने एक कांदा साफ करून टोपलीत टाकला. “आणि मला सांगावंसंही वाटलं नाही, पाळकीणबाई. सुरुवातीला फार जड जायचं. माझ्या घरात माझं माणूस नाही, आणि रोज तुमच्यासाठी मागायचं. ज्यांच्याकडे ते आहे त्यांच्यासाठी. दात-ओठ खाऊन घ्यायची तुमचं नाव. कधी नुसतं नावच घ्यायची, पुढे काही मागायचीच नाही.”

“माझा हेवा करायचीस तू?”

“मग काय करणार होते?”

हे ऐकून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. इतक्या वर्षांत तिच्याकडून मला मिळालेली ही पहिली चांगली गोष्ट. मी उठून दोघींसाठी चहा टाकला.

शेवटचा ढीग राहिला होता त्या दुपारी आतून यांचा आवाज आला. बारीक, पण स्पष्ट. आम्ही दोघी आत गेलो. यांनी छातीवर हात जोडले होते आणि डोळे मिटून प्रार्थना सुरू केली होती, भर दुपारी. लोहाराचं घर. पंपवाल्याचं घर. मेलेल्या माणसांचीही नावं घेत होते, शहरात निघून गेलेल्यांचीही. मधे श्वास अडकायचा, आम्ही ओठांना ओला कापूस लावायचो, की पुन्हा पुढच्या घरी. मी पलंगाच्या एका बाजूला गुडघे टेकले, ती दुसऱ्या बाजूला. गुडघ्यांतून कळ निघाली, तशीच बसून राहिले.

सुताराचं घर झालं. मग शिंपीणबाईचं नाव घेतलं. तिच्या डोळ्यांसाठी मागितलं. ती मान खाली घालून ऐकत होती.

मग हे थांबले. “आणि आम्हा सर्वांना” म्हणाले नाहीत. ओठ हलले, आवाज आला नाही. हात जोडलेलेच होते. मी यांच्या तोंडाकडे बघत होते. म्हणा, मी मनात म्हणत होते. आता इथे कोणी नाही. चर्च नाही, लोक नाहीत, रडलात तरी कोण बघतंय. एकदा म्हणा. यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं, पण ओठांतून काही निघालं नाही. आणि मला कळलं की हे म्हणणार नाहीत. हे थांबलेत. कोणीतरी म्हणायची वाट बघताहेत.

शिंपीणबाईने मान वर करून माझ्याकडे बघितलं. ती म्हणू शकत होती, रोज म्हणतच होती. पण ती माझ्याकडे बघत राहिली. विचारत होती मला. मी जन्मभर ज्याची वाट बघितली ते तिच्या तोंडून ऐकायचं, आणि तेही मी हो म्हटल्यावर. नाही म्हणावंसं वाटलं. अगदी ओठांवर आलं होतं. यांचा श्वास वर गेला आणि खाली यायला वेळ लागला.

“म्हण,” मी म्हटलं.

तिने डोळे मिटले आणि माझं नाव घेतलं. दात-ओठ खाऊन नाही, चांगलं सरळ घेतलं. मग म्हणाली, “प्रभू, हिला सांभाळ. हिचे गुडघे सांभाळ. हिला एकटं राहायची सवय नाही.”

“आमेन,” हे म्हणाले.

त्यानंतर हात सुटले. ऊन उतरायच्या आत श्वासही थांबला.

मातीला सगळी मंडळी लोटली. नवा पाळक चांगलं बोलला, मधे एकदा त्याचाही आवाज अडकला. जो तो माझा हात धरून सांगत होता, “पाळकसाहेबांचा माझ्यावर फार जीव होता हो.” सुतार तेच म्हणाला, लोहाराची सून तेच म्हणाली, पाटकरीसुद्धा येऊन तेच म्हणाला. मी मान हलवत होते आणि आतून जळत होते.

सगळे विचारतात, शेवटी काय बोलले. शिंपीणबाई सांगते, आमेन म्हणाले. लोक म्हणतात, पाळकाला शोभेलसं मरण. कशावर आमेन म्हणाले ते ती कोणाला सांगत नाही, आणि मीही सांगत नाही. ते माझं आहे. एवढं एकच काय ते सगळं माझं आहे, आणि ते ऐकलेली माणसं जगात दोनच उरलीत. म्हणून संध्याकाळ झाली की मी उठते, चपला घालते आणि तिच्याकडे जाते. दुसऱ्या कोणाशी हे बोलता येत नाही, याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.